कोणती गाठ?

काचवालीच्या नवऱ्याला अख्खा बाजार होयबा म्हणायचा, आणि ते काही उगाच नाही. एकाने म्हटलं ऊन फार पडलंय, की हा म्हणणार, हो ना. त्याच्या पाठोपाठ दुसरा म्हणाला, आज बरंय, ऊन फारसं नाही, की त्यालाही हो ना. कुणाचं मन मोडायचं नाही, कुणाशी वाकडं घ्यायचं नाही. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होता, आणि तिथे अशा माणसाचं छान चालतं. घरात मात्र अशा माणसाशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे घालणं. दमतो तो आपणच. बायका काचवालीला म्हणायच्या, कसला गुणी नवरा मिळालाय गं तुला! ती म्हणायची, मिळालाय खरा, पण मला एकटीला नाही, जो विचारेल त्याला मिळालाय.

काचेचं दुकान तिचं स्वतःचं, वडिलांच्या हातून आलेलं. खिडक्यांची तावदानं, आरसे, टेबलावरच्या जाड काचा. एक म्हातारा फिटर होता, तो घरोघरी काचा बसवायला जायचा, पण कापायचं काम तिचंच. काच कापायला ताकद लागत नाही, हात ठाम लागतो. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं, पट्टी धरायची आणि पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे एका दमात रेघ ओढायची. मध्येच थांबलात की संपलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत बारीक पांढरे वण होते. काच लागली की ती बोट तोंडात घालायची, दोन शिव्या हासडायची आणि पुढचा तुकडा उचलायची.

त्याच बाजूला, उजव्या छातीत, गाठ लागली. सुईने तुकडा काढला, तपासला, कॅन्सर निघाला. आता आपल्या भाषेची गंमत बघा. दोरीला पडते ती गाठ, छातीत येते ती गाठ, आणि काखेत देवाने सगळ्यांनाच जन्मापासून ज्या बारक्या बारक्या दिलेल्या असतात, त्याही गाठीच. एकाच शब्दात सगळा कारभार. या कारभारानेच पुढे घात केला. म्हणजे शब्दाने नाही केला, शब्दाला बिचाऱ्याला काय कळतं! माणसांनी केला.

डॉक्टरीणबाई भराभर बोलायच्या, पण काही झाकून ठेवायच्या नाहीत. त्यांनी कागदावर एक छाती आणि एक काख काढली. पोराने बटाटा काढावा तशी दिसत होती ती.

"आधी केमो देऊ," त्या म्हणाल्या. "गाठ लहान होईल, मग ऑपरेशन. छातीतल्या गाठीत आम्ही आज धातूची एक बारीक खूण सोडतोय, म्हणजे केमोने ती विरघळली तरी जागा सापडेल. पण हे बघा, काखेतलीही एक गाठ फुगलेली दिसतेय. तिच्यात आजार पोचलाय की ती उगाच सुजलीय, हे केमोच्या आधी कळायला हवं. तिलाही सुई लावू, तुकडा घेऊ आणि तिच्यातही खूण सोडू. सोनोग्राफीचे डॉक्टर परवा आहेत, परवा या."

"आणि नाही केलं तर?" काचवालीने विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू विचारायची सवय होती, आरसे विकणाऱ्या बाईला असायचीच.

"तर नंतर आम्ही आंधळे. कुठली गाठ बघायची ते कळणार नाही. मग बऱ्याचदा सगळी काख साफ करावी लागते. आणि काख साफ केली की हाताला सूज येऊ शकते. सगळ्यांना येत नाही, पण आली तर जन्मभराची. त्या हाताला कापण्या-भाजण्या-टोचण्यापासून फार जपावं लागतं. साधी जखम चिघळते."

काचवालीने आपल्या वणांच्या हाताकडे पाहिलं. "म्हणजे माझं दुकान गेलं," ती म्हणाली.

"म्हणून तर परवा या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

होयबा शेजारीच बसला होता. हो हो, परवा येतो, म्हणाला.

आणि परवा उजाडला तेव्हा सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवत तो म्हणाला, "अगं, दवाखान्यात बोललो मी. काखेचं नंतर बघू म्हणाल्या डॉक्टर. आधी केमो सुरू करू."

तिने ऐकलं. सांगा बघू, का नाही ऐकणार? स्वतःचा नवरा, डॉक्टरांचं नाव घेऊन सांगतोय. शिवाय कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून तिच्या डोक्यात नुसती घरघर चालू होती, आणि केमोच्या आधी एका सलूनचे सगळे आरसे कापून द्यायचे होते. नंतर तर नंतर, ती म्हणाली, आणि दुकानात गेली.

केमो झाली. केस गेले, भुवया गेल्या, नखं काळी पडली, पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायला लागलं. होयबा प्रत्येक वेळी बरोबर होता, खोटं कशाला बोला. बादली धरली, पाय चेपले, रजा काढल्या. तिलाही वाटलं, आपण या माणसाला फार टोचून बोलतो. शेवटी औषधाने काम केलं. छातीतली गाठ हाताला लागेनाशी झाली.

ऑपरेशनची तारीख ठरवायला दोघं गेली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, काख तपासली, खूश झाल्या. मग पडद्यावर फिल्म लावून बघायला लागल्या आणि हळूहळू त्यांचं हसू मावळलं.

"छातीतली खूण दिसतेय," त्या म्हणाल्या. "काखेतली कुठाय?"

"ती टाकलीच नाही ना," काचवाली म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, नंतर बघू."

"मी?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मी असं कशाला म्हणेन? नंतर करण्यात काही अर्थच नाही त्याला!"

दोघींनी एकदमच होयबाकडे पाहिलं. होयबा भिंतीवरचं हात कसे धुवावेत याचं चित्र अगदी मन लावून बघत होता.

सिस्टरला बोलावलं. ती ताडताड बोलली, "मॅडम, त्या काखेच्या सुईला आल्या नाहीत म्हणून मी स्वतः फोन केला होता. मी विचारलं, गाठीत खूण टाकून झाली का? साहेब म्हणाले, हो, झाली. मला वाटलं, दुसरीकडून करून घेतली."

"कोणत्या गाठीत, ते विचारलंस?"

"नाही, मॅडम," सिस्टर म्हणाली. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडणार होत्या, पण थांबल्या. "मीही बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "केमो सुरू करू द्यायच्या आधी मी फिल्म मागवून बघायला हवी होती. झाली म्हणाले, मी धरून चालले."

बघा म्हणजे! एकाने हो म्हटलं, दुसरीने ऐकलं, तिसरी धरून चालली. तिघांनाही भाषा येते, तिघंही शिकलेले, आणि तिघांपैकी एकाच्याही तोंडून 'कोणती?' एवढा तीन अक्षरांचा शब्द निघाला नाही. काचवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आधी कामाचं विचारलं.

"आता काय?"

"आता काखेत काहीच फुगलेलं दिसत नाही. तिथे आजार होता आणि औषधाने गेला, का मुळात नव्हताच, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. दोन रस्ते आहेत. एक, सगळ्या गाठी काढायच्या. दुसरा, ऑपरेशनच्या वेळी रंग टोचायचा. तो काखेतल्या ज्या पहिल्या तीन-चार गाठींत पोचेल तेवढ्याच काढायच्या आणि तुम्ही टेबलावर असतानाच तपासायच्या. स्वच्छ निघाल्या तर तिथेच थांबायचं. आजार दिसला तर सगळ्या काढायच्या. खूण असती तर या दुसऱ्या रस्त्याची खात्री जास्त असती. आता एखादी वाईट गाठ मागे राहण्याची थोडी जोखीम आहे."

"सगळ्या काढा, मॅडम," होयबा म्हणाला. "धोका नको."

काचवालीने त्याच्याकडे मानही वळवली नाही. "मी विचार करून येते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली आणि उठली.

तिने घर गाठलं. दार लावलं, चपला भिरकावल्या आणि मग सुरू झाली.

"काय म्हणालात हो तुम्ही फोनवर?"

"मी खोटं नाही बोललो," होयबा म्हणाला. "तिने विचारलं गाठीत खूण झाली का. झालीच होती ना! छातीतल्या गाठीत."

"आणि तिला काखेतली विचारायचीय, हे तुम्हाला कळत नव्हतं?"

तो तिच्या भिरकावलेल्या चपला उचलून जोडीने ठेवायला लागला.

"कळत होतं का नव्हतं? हो नाहीतर नाही म्हणा. हो म्हणायची तर सवय आहे तुम्हाला!"

"कळत होतं," तो म्हणाला. मग भडाभडा बाहेर पडलं. अक्काने सांगितलं होतं. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या भावकीला अजून वर्गात बसवणारी. अक्का म्हणाली होती, गाठीला सुई लावली की ती चिडते. एकदा टोचलंत ते टोचलंत, आता काखेत टोचाल तर रोग हातात उतरेल. तिच्या ओळखीतल्या कुणा बाईचं म्हणे तसंच झालं होतं. "मला भीती वाटली गं. तुला आणखी दुखायला नको, आणखी काही वाढायला नको. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं! म्हणूनच सांगायला हवं होतं!" तिचा आवाज चिरकला. "अहो, इतकी वर्षं माझ्या काचेच्या दुकानात वावरताय. टफन काचेला भोक कधी पाडतात? भट्टीला जायच्या आधी! भट्टीतून आलेल्या काचेला ड्रिल लावलं तर काय होतं?"

"चुरा," तो पुटपुटला.

"दार बनवणाऱ्या गिऱ्हाईकाला तुम्ही हे फोनवर दहादा सांगितलंय. आधी भोक, मग भट्टी. काचेच्या बाबतीत कळतं. बायकोच्या बाबतीत अक्काला विचारायचं!"

होयबा रडायला लागला. आणि खरं सांगायचं तर याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. दुखणं हिचं, हात हिचा, आणि समजूत काढून घ्यायला हा बसलाय. तिने त्याची समजूत काढली नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का दुकानात आली. भावाने रात्रीच रिपोर्ट दिला असणार. काचवाली एका बेसिनवरच्या आरशाची कड घासत होती. फिटरने अक्काला स्टूल दिलं आणि वारा कुठून वाहतोय ते ओळखून मागच्या बाजूला सटकला.

"झालं गेलं सोडून दे," अक्का म्हणाली. "त्याने तुझ्या काळजीपोटी केलं. मनात काही वाईट नव्हतं त्याच्या."

"अक्का, तुम्ही पेपर तपासलेत आयुष्यभर. पोराने भूगोलाच्या प्रश्नाला गणिताचं उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर गणितात अगदी बरोबर असलं, तर किती गुण द्यायचात?"

"शून्य," अक्का सवयीने म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचे ओठ आवळले गेले. "मला काय डॉक्टरकी येते का? मी आपलं ऐकलेलं सांगितलं. करायचं न करायचं तुमच्या हातात होतं."

"माझ्या हातात? मला कुणी विचारलं?"

"बरं बाई, राहू दे ते. पण आता तरी शहाणपणा कर. काढून टाक सगळ्या. हात सुजला तर सुजला, जीव तर राहील. दुकान काय, तुझा म्हातारा फिटर बघेल."

काचवालीने आरसा भिंतीला टेकवून ठेवला. टाकून फोडावासा वाटत होता, पण गिऱ्हाईकाचा होता.

"तुम्ही दोघं बहीण-भाऊ काखा वर करून मोकळे झालात," ती म्हणाली. "मला मात्र यापुढे काख वर करायलासुद्धा कुणाला तरी विचारावं लागेल. माझा हात सुजायला तुमचं काय जातंय? तुमची वेणी घालायची असती या हाताने, तर बघितलं असतं तुम्ही काय म्हणता ते. आता नीट ऐका. माझ्या दुखण्याबद्दल डॉक्टर बोलतील आणि मी बोलेन. मध्ये तिसऱ्याने जीभ उचलली तर गाठ माझ्याशी आहे."

अक्का उठून गेली. जाताना म्हणाली, आजारपणाने माणूस कडू होतो. काचवाली म्हणाली, आजारपणाने नाही.

फिटर मागून आला. "वहिनी, आरसा तेवढा फोडला नाहीत, बरं केलंत," तो म्हणाला.

"दुसरा कापावा लागला असता," ती म्हणाली. हसायला आलं तिला, पण ते पुरतं ओठांवर येईना.

ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मिस्टर नाही आले? ती म्हणाली, "त्यांना हो म्हणायला दुसरीकडे जायचं होतं."

मग तिने सगळं परत विचारून घेतलं. जोखीम म्हणजे किती, रंग नाही पोचला तर काय, टेबलावरची तपासणी चुकते का. डॉक्टरीणबाईंनी या वेळी भराभर सांगितलं नाही, थांबून थांबून सांगितलं. तिला दोनदा न कळलेलं तिसऱ्यांदा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "सगळ्या काढल्या तर मला शांत झोप लागेल. पण हात तुमचा आहे."

"मग रंगाचंच करा," काचवाली म्हणाली. "आजार दिसला तर काढा सगळ्या, तेवढी मी वेडी नाही. पण बघून काढा. न बघता नको. न बघता बरंच झालंय आत्तापर्यंत."

"आणि तुमचा राग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "माझ्यावर असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते. मला वाईट वाटणार नाही."

"आहे ना राग. तुमच्यावरही आहे. पण चुकलं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच भेटलात, तुमच्याचकडून करून घेते."

ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेताना होयबा ट्रॉलीबरोबर दारापर्यंत पळत आला. काळजी करू नको, म्हणाला. काय बोलायचं अशा वेळी, ते त्यालाही कळत नव्हतं आणि तिलाही. तिने डोळे मिटून घेतले. हात वाचू दे, एवढंच तिच्या मनात होतं. जिवाचं तिने त्या क्षणी काही मागितलंच नाही, आणि हे तिला नंतरही चुकीचं वाटलं नाही.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडाठाक होता. उजवा हात उशीवर ठेवला होता. काखेखालून एक नळी निघाली होती आणि तिच्या टोकाच्या बाटलीत लालसर पाणी साचत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, सगळ्या काढाव्या लागल्या तर नळी असेल. ती नळीकडे बघत राहिली. कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती, तरी ती वाट बघत राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या डाव्या बाजूला बसल्या. होयबा खिडकीपाशी उभा होता.

"रंग चार गाठींत पोचला," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एकीत आजार सापडला. औषधाने सगळा मेलेला नव्हता. म्हणून सगळ्या काढल्या. बघून काढल्या."

काचवालीने मान हलवली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी थेट कानात गेलं, ते पुसायला तिने सवयीने उजवा हात उचलायला घेतला, आणि तो उचलला गेला नाही.

खिडकीपाशी होयबाने खाकरून घसा साफ केला.

"म्हणजे, मॅडम," तो म्हणाला, "आधी ती खूण टाकली असती, तरीसुद्धा शेवटी हेच करावं लागलं असतं ना?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "या परिस्थितीत, हो," त्या म्हणाल्या. "बहुतेक हेच झालं असतं. पण ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं." आणि त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

त्याने त्यातलं हो तेवढं ऐकलं. खुर्चीत मटकन बसला. इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं, ते त्याच्या खांद्यांवर, मानेवर, तोंडावर सगळीकडे दिसत होतं. त्याने डोळे पुसले, फोन काढला, आणि बायको अजून गुंगीत आहे असं समजून हलक्या आवाजात बोलायला लागला.

"अक्का, झालं ऑपरेशन. हो, हो, बरी आहे. अगं, सगळ्या काढाव्या लागल्या, पण ऐक ना, डॉक्टर स्वतः म्हणाल्या, तसंही काढाव्याच लागल्या असत्या. आपलं काही चुकलं नाही, अक्का! आपलं काहीच चुकलं नाही."

"फोन द्या इकडे," काचवाली म्हणाली.

तो दचकला. उठला आणि मुकाट्याने फोन तिच्या डाव्या हातात दिला.

"अक्का," ती म्हणाली. घसा फाटला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट निघत होता. "माझ्या काखेत कॅन्सर सापडलाय. तुमच्या भावाला इथे आनंदाने रडू फुटलंय. तुम्हालाही फुटलं असेल तर आत्ताच रडून घ्या, मी ऐकतेय."

काचवालीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.